आमच्या शेततळ्यात पडलेला वाघ

आधी चहा घ्या, मग सांगतो. हसायचं नाही अशी अट मी घालत नाही. घालून पाहिली, पण आमच्या घरातच कुणी पाळली नाही. वनखात्याच्या माणसानंही पाळली नाही, आणि तो बिचारा ड्युटीवर होता!

तशा माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्यात. एकदा तर भलत्याच लग्नाच्या मांडवात जाऊन जेवलो, आहेर देऊन आलो आणि घरी आल्यावर कळलं की आपल्या पाहुण्याचं लग्न पुढच्या गल्लीत होतं. पण गेल्या उन्हाळ्यात जो घोळ घातला ना राव, त्याच्यापुढे ते काहीच नाही.

आमचं गाव निमगाव सावा, जुन्नर तालुक्यातलं. घरामागं आमचं शेततळं आहे. कांदा-टोमॅटो उन्हाळ्यात जगवायचे तर ते लागतंच. दोन पुरुष खोल, चारी बाजूंनी उंच बांध, आणि पाणी मुरू नये म्हणून आतून सगळीकडे काळ्या प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. मागच्या पडवीत बसलं की बांध समोर दिसतो, इतकं ते जवळ.

मुलगा मंगेश चाकणला नोकरीला. तिथं तो, सून स्वाती, सात वर्षांची नात ओवी आणि पाच वर्षांचा नातू शंभू. त्यांच्या सोसायटीत म्हणे स्विमिंग पूल आहे. ओवी फोनवर रोज त्याचं कौतुक सांगायची. निळं पाणी, निळ्या फरश्या, आणि काय काय. एक दिवस मला राहवलं नाही.

"ओवीबाई," मी म्हटलं, "तुमचा पूल अख्ख्या सोसायटीचा. तुझ्या आजोबाचा पूल घरचा हाय, एकट्याचा! मे महिन्यात या, पवायला शिकवतो."

झालं! तिकडं पोरं नाचायला लागली. आणि फोन स्वातीनं घेतला.

"तात्या, त्या शेततळ्याला कुंपण आहे का?"

"कुंपान कशाला? आपलीच तर पोरं येणार."

"मग या मेमध्ये आम्ही नाही येत."

बघा! भांडण नाही, आवाज चढवणं नाही. सरळ निकाल! आता तुम्हीच सांगा, दिवाळीला पोरं एक दिवस येऊन गेली होती. तेव्हापासून मी मे महिन्यावर डोळे लावून बसलो होतो. झाडावरचे आंबे मोजून ठेवले होते. आणि ही बाई म्हणते, नाही येत.

मी म्हटलं, "आगं, मी हिरीत उड्या मारत वाढलोय. पाण्याचं भ्या मला सांगती व्हय?"

"विहिरीला पायऱ्या असतात तात्या," ती म्हणाली. "प्लॅस्टिकच्या कागदाला नसतात."

मग तिनं एक गोष्ट सांगितली. तिच्या मामाच्या शेततळ्यात एकदा वासरू पडलं होतं. वासराला पोहता येतं, ते पोहलंही. पण काठाला आलं की कागदावरच्या शेवाळावरून पाय सटकायचा आणि परत खाली. पुन्हा काठाला, पुन्हा खाली. माणसं पोचेपर्यंत ते दमलं आणि गेलं. "मी तेव्हा ओवीएवढी होते," स्वाती म्हणाली. "बुडालं नाही हो ते, चढता आलं नाही म्हणून गेलं."

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. म्हटलं, "बरं, काय काय करायचं सांग."

तिची यादी तयारच होती. जाळीचं कुंपण, पण आरपार दिसणारं, म्हणजे घरातून लक्ष राहील. आपोआप लागणारं फाटक, आणि त्याची कडी पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंच. चारी बाजूंना पाण्यात सोडलेले दोर, टोकाला ट्यूब, आणि दोराला हात-हात अंतरावर गाठी, म्हणजे धरून वर चढता येईल. पाण्याजवळ खेळणं ठेवायचं नाही, कारण पोरगं पाण्यासाठी जात नाही, खेळणं काढायला जातं. एकट्यानं कुणीही जायचं नाही, मोठ्या माणसानंही नाही. आणि पोरं पाण्याजवळ असली की एकानं मोबाईल बाजूला ठेवून सारखी डोकी मोजत बसायचं.

"मोठ्या मान्सानं बी न्हाई?" मी हसलो. "मंजे मी बी न्हाई?"

"तुम्ही तर मुळीच नाही," ती म्हणाली.

आता इथं माझ्या स्वभावाचं थोडं सांगायला हवं. मला सांगितलेलं काम मी करतो. पण जसंच्या तसं केलं तर मग आपली अक्कल कुठे दिसणार? नारायणगावहून वेल्डर आणला. सहा फुटी जाळी मारली. फाटकाला अशी स्प्रिंग बसवली की सोडलं की आपोआप लागतं. आणि कडीच्या जागी खटका. फाटक लागलं की खटका आपोआप बसतो, आणि उघडतो फक्त बाहेरून. वेल्डर म्हणाला, "तात्या, आतनं उघडायला काय ठेवायचं का?" मी म्हटलं, "पोरगं आत जानारच न्हाई, मग आतनं उघडील कोन?" तो गप्प बसला. मला वाटलं, माझ्या हुशारीपुढं गप्प बसला.

पुढची हुशारी अशी, की जाळीला बाहेरून हिरवी शेडनेट गुंडाळली. पोरांना पाणी दिसलंच नाही तर मोह होईलच कसा? स्वातीनं आरपार दिसलं पाहिजे म्हणून सांगितलं होतं, पण ती शहरातली, तिला काय कळतंय!

आणि दोर? दोर चारही बाजूंना टाकले. टोकाला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा बांधल्या. गाठी मारायला बसलो. बांधावरच्या खुंटीपासून पहिली मारली, दुसरी मारली, तेवढ्यात चहा आला. चहा झाला आणि गाठी राहिल्या. म्हटलं, कोण मोजायला येतंय!

त्या आठवड्यात मंचरच्या बाजारात मला एक हवेची ट्यूब दिसली. पोरांनी कमरेला घालायची असते ना, तशी. पिवळीधमक, अंगभर तपकिरी ठिपके, आणि पुढे जिराफाची लांब मान. घेतली. घरी येऊन तोंडानं फुगवली. फुगवता फुगवता डोळ्यांपुढं तारे चमकले, पण शंभू कसा खूश होईल याच्या विचारानं फुगवत राहिलो.

आता तो दिवस. आमची मंडळी कळंबला बहिणीकडे साखरपुड्याला गेलेली. घरी मी आणि मोत्या कुत्रा. दुपार कलली होती, पाचचा सुमार. मनात आलं, स्वातीला सगळ्या व्यवस्थेचा फोटो पाठवावा. नुसत्या जाळीचा काय फोटो? जिराफ घेतला, फाटक उघडलं, आत गेलो. मागे फाटक आपोआप लागलं. खट्! काय सांगू, त्या आवाजानं ऊर भरून आला. वा रे वा, म्हटलं, काय बसलाय खटका!

जिराफ बांधावर ठेवला, फोन काढला, आणि आली वाऱ्याची झुळूक. जिराफ गेला गडगडत पाण्यात.

पाण्याजवळ खेळणं ठेवायचं नाही. आठवतंय ना? मला त्या वेळी नाही आठवलं.

पाच मिनिटांचं काम, म्हटलं. चपला काढल्या, पायजमा, सदरा, टोपी काढून बांधावर ठेवली, वर फोन ठेवला. अंगात बंडी आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी. दोर धरून एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायची वेळच आली नाही, थेट पाण्यात!

पोहायचं काही अवघड नव्हतं हो. झक्क पोहत गेलो, जिराफ गाठला. हातात धरून पोहता येईना म्हणून गळ्यातून घातला, दोन्ही हात वर काढले, आणि तो बसला काखेत घट्ट. काठाला आलो, पाय ठेवला. सर्रकन खाली. परत ठेवला. परत खाली. दोर धरला. नायलॉनचा ओला दोर, हातातनं सुटून येतोय. गाठी होत्या ना दोन, पण त्या वर खुंटीपाशी. गाठी वर आणि मी खाली!

दहा मिनिटं झाली, वीस झाली असतील. तळहात सोलवटले. पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मग अंगात जिराफ आणि हातात कवटाळलेली दोराच्या टोकाची ट्यूब, असा लोंबकळत राहिलो. आणि मला ते वासरू आठवलं.

आता हसू नका, हे खरंच सांगतो. त्या क्षणी मला स्वतःचं काही वाटलं नाही. मला एवढंच दिसलं की माझ्या जागी शंभू आहे. पिवळ्या जिराफामागं आलेला, दोर हातात न मावणारा शंभू. मी, सख्खा आजोबा, इथं नुसता 'आपलीच पोरं' म्हणत बसलो होतो.

तेवढ्यात बांधाखालून पावलं वाजली. शेजारची हौसाक्का! शेळ्यांना पाला घेऊन निघालेली. मोत्या फाटकाशी जीव तोडून भुंकत होता.

"काय रं मोत्या?" हौसाक्का म्हणाली. "कोन हाय आत?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? 'अक्का, मी हाय, दोर टाक' एवढंच ना? पण मी गप्प बसलो! का? कारण हौसाक्काला कळलं की अर्ध्या तासात बेल्ह्यापर्यंत कळतं. तात्या स्वतःच्या तळ्यात पडला, स्वतः लावलेल्या खटक्याच्या आत! आणि मग ते चाकणला कळणार, आणि मे महिना गेला. मी श्वास रोखला. पण पोटरीत गोळा आला, पाय झाडला गेला आणि पाणी धबाधबा वाजलं.

हौसाक्कानं पाल्याचा भारा तिथंच टाकला. "वाघ पडला! तात्याच्या तळ्यात वाघ पडलाऽऽ!"

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. आणि जुन्नरच्या माणसाला, उसात पान हललं तरी आधी वाघच दिसतो. चूक नाही त्यांची. विहिरीत पडलेले वाघ आमच्या लोकांनी पाहिलेत, काढलेतही.

आता मात्र मी ओरडलो. "आरं मी हायऽऽ!" पण इतका वेळ गार पाण्यात राहून घसा बसलेला. बाहेर पडला तो नुसता घोगरा घुरघुराट. हौसाक्का दुप्पट जोरानं पळाली.

आणि मग गाव लोटलं! कुणी काठ्या घेऊन, कुणी ताट-पळी वाजवत. गावच्या ग्रुपवर तर आधीच टाकलेलं, 'तात्याच्या शेततळ्यात बिबट्या.' सगळ्यात पुढे होता बबन.

हा बबन म्हणजे आमच्या लगतचा शेतकरी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हातभर बांधावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद. त्याचा ट्रॅक्टर माझ्या दारावरून गेला तरी तो मान तिकडं करायचा आणि मी इकडं.

"आत मानूस-बिनूस न्हाई ना?" कुणीतरी विचारलं.

"खटका बाह्यरनं बसलाय," बबन म्हणाला. "मानूस आत असंल कसा? ह्यो जाळीवरनं उडी मारून पडलाय."

पटलं की नाही तुम्हाला? मलाही पटलं! आत लोंबकळत असूनही पटलं.

शेडनेटमुळं आतलं कुणाला दिसेना. मग एकजण बबनच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढला. मावळतीचं ऊन पाण्यावरून त्याच्या डोळ्यांत. मान उंच करून बघतो तर काय, "पिवळा हाय! ठिपकं बी हाईत! वाघच हाय!"

"मोठा हाय का?"

"तसा मोठाच हाय. पर भाऊ, ह्याची मान लई लांब दिसतीया."

"उपाशी असंल!"

मी परत घसा खरवडून ओरडलो. "गुरगुरतोय, गुरगुरतोय!" म्हणत सगळे मागे सरले, आणि कुणाच्या तरी वरातीतली उरलेली फटाक्यांची माळ लावली. कानठळ्या बसल्या. मी पुन्हा ओरडलो की पुन्हा माळ. शेवटी मी ओरडणंच बंद केलं. उगीच त्यांचे फटाके संपायचे.

आणि त्याच वेळी फोन वाजला.

ओवीनं माझ्या फोनला कोंबड्याची बांग लावून दिलीय. बांधावरून कोंबडा आरवायला लागला. "आरारा, वाघानं कुनाचा तरी कोंबडा बी उचलून आनलाय," एकजण म्हणाला. पण हौसाक्कानं तो आवाज ओळखला. "आगं बया! ह्यो तर तात्याचा फोन!"

बॉनेटवरच्यानं पुन्हा मान उंच केली. "बांधावर कपडं हाईत. टोपी हाय, चपला हाईत." जरा थांबून म्हणाला, "तात्या न्हाई."

"पर खटका तर बाह्यरनं..."

"आरं तोंडात धरून उडी मारली आसंल!"

हौसाक्कानं जो हंबरडा फोडला! "आरं माज्या द्येवा! कसा मानूस व्हता! कुनाला कदी दुखावलं न्हाई त्यानं!" याच हौसाक्कानं गेल्या महिन्यात मला चारचौघांत चेंगट म्हटलं होतं. लोक एकेक करून माझ्याबद्दल चांगलं बोलायला लागले. मी कान देऊन ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं!

मग बबनचा आवाज आला. "दोन वर्सं मी त्या मानसाशी बोललो न्हाई," तो म्हणाला. "हातभर मातीसाटी. लहानपनी त्यानंच मला पवायला शिकवलं व्हतं."

राव, मी पाण्यात होतो म्हणून कुणाला दिसलं नसतं. पण मी रडलो.

"अजून जित्ता असंल तर?" बबन एकदम म्हणाला. "रडू नका! बाज आना!"

विहिरीत पडलेल्या वाघाला आमच्याकडे असंच काढतात. चार पायांना दोर बांधून बाज खाली सोडायची, त्याला बसायला आधार मिळतो. वनखात्याला फोन झाला. ते म्हणाले, पिंजरा घेऊन निघालोय, जवळ जाऊ नका. पण बबनला तेवढा दम कुठला? त्यानं स्वतःच्या आईची बाज उचलून आणली. लांबूनच बांबूनं खटका उचलला, फाटक ढकललं, मध्ये दगड लावला, आणि माना खाली घालून सगळ्यांनी बाज आत लोटली. डोकं वर काढून बघायची एकाचीही छाती नव्हती. बाज कागदावरून घसरत आली ती थेट माझ्या पुढ्यात!

मी काय आमंत्रणाची वाट बघणार? दोन्ही हातांनी कवटाळली, कसाबसा वर लोळलो.

"वजन आलं! वाघ बसला! वढा!"

बारा-पंधरा जणांनी असा दोर ओढला की एरवी गणपतीच्या ट्रॉलीलाही इतका जोर लागत नाही. बाज वर, बांधावर, फाटकातून बाहेर! "सोडा! पळाऽऽ!" आणि दोर टाकून सगळे पळाले. कुणी ट्रॅक्टरवर, कुणी बाभळीवर, हौसाक्का माझ्याच घरात, आतून कडी लावून.

आता डोळ्यांपुढं आणा. घरामागच्या रानात एक बाज. बाजेवर पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत मी. गळ्यात जिराफ. समोर एक माणूस नाही.

"आरं," मी उरल्यासुरल्या घशानं म्हटलं, "च्या तरी पाजा कुनी."

ट्रॅक्टरच्या मागून आधी बबनचं डोकं वर आलं. तो आला, माझ्याकडे बघितलं, जिराफाकडे बघितलं. मला वाटलं आता हसेल. तर त्यानं मला मिठीच मारली. मी चिंब, तोही चिंब झाला.

"तात्या, त्यो बांध तुमचाच," तो म्हणाला.

"न्हाई बबन, तुजाच."

"तुमचा म्हनतोय ना मी!"

"आरं, तुजा म्हटलं ना!"

परत आवाज चढले आमचे. तेव्हा कुठं गाव हसायला लागलं. तेवढ्यात वनखात्याची गाडी आली. साहेब पिंजरा उतरवून म्हणाले, "कुठाय जनावर?" आणि अख्ख्या गावानं माझ्याकडे बोट दाखवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण खरी भीती पुढेच होती. तो फोन स्वातीचा होता. ग्रुपवरचं ते फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलं होतं, 'तात्याच्या शेततळ्यात बिबट्या.' आणि तात्या फोन उचलेना. ती आणि मंगेश पोरांना घेऊन तसेच निघाले. वाटेत बबननं मी सुखरूप असल्याचं कळवलं, पण ते थांबले नाहीत. दिवेलागणीला गाडी दारात. मी पडवीत घोंगडी पांघरून बसलेलो. मनात म्हटलं, आता ही बोलणार. आणि बोलायला तिला जागाही चिकार होती. शेडनेट, खटका, खेळणं, एकट्यानं जाणं!

ती आली, माझ्यासमोर बसली, माझे दोन्ही तळहात उलटे करून बघितले. सोललेले. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"गाठी मारल्या नव्हत्या ना, तात्या?"

मी मान हलवली. साठी उलटलेला माणूस, पण शाळेत गृहपाठ न केल्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर स्वाती बांधावर. दोर वर ओढून एकेक गाठ मारत बसलेली. मी शेजारी जाऊन बसलो, दोर पुरवायला लागलो. एक दोर झाला, दुसरा झाला. शेवटी मी म्हटलं, "बाई, अर्ध्याच गोष्टी ऐकल्या मी तुज्या. पर त्या अर्ध्या ऐकल्या म्हनून आज हितं बसलोय. त्यो दोर अन् ती ट्यूब नसती तर बाज कुनासाटी आनली असती त्यांनी? लई उपकार झालं तुजं."

"उपकार कसले," ती म्हणाली. "सासऱ्याला किती सांगावं, जास्त झालं तर वाईट वाटेल, म्हणून दुसऱ्यांदा विचारलं नाही मी गाठींचं. विचारायला हवं होतं."

बघा, चूक माझी आणि हळहळ तिला! अशी सून मिळायला नशीब लागतं, हे मी गावभर सांगतो. तिच्यासमोर एकदाच सांगितलं, ते त्या दिवशी.

मग सगळं तिच्या यादीप्रमाणं झालं. शेडनेट काढून टोमॅटोच्या रोपांवर टाकली, आता पडवीतून बांधाचा कोपरान्‌कोपरा दिसतो. फाटकाला आतूनही उघडता येतं, पण उंचावर, मोठ्या माणसालाच. वर कुलूप, आणि पोरं इथं असली की किल्ली स्वातीकडे. शेततळ्यात कुणी पोहायचं नाही, ते कांद्यांचं पाणी. पोरांसाठी मोटारीजवळचा जुना हौद आम्ही घासून धुतला, त्यात ओवीच्या कमरेपर्यंत पाणी भरायचं, आणि खेळ झाला की लगेच रिकामा करून पाणी आंब्याला सोडायचं. स्वाती हौदाच्या कठड्यावर, हाताच्या अंतरावर बसते. मोबाईल घरात.

मे महिन्यात पोरं आली. अख्खा महिना राहिली. आंबे मोजून ठेवले होते, ते सगळे संपले. पहिल्याच संध्याकाळी पोरं हौदात डुंबत होती आणि स्वाती सारखी बोट दाखवून डोकी मोजत होती. "एक, दोन, तीन." जरा वेळानं पुन्हा. "एक, दोन, तीन."

कठड्यापाशी हौसाक्का येऊन उभी राहिली. तिनंही मोजून बघितलं.

"आगं सूनबाई," ती म्हणाली, "पोरं तर दोनच हाईत की. ह्यो तिसरा कोन मोजतीस?"

हौदाच्या कोपऱ्यात मी गळ्यातला जिराफ जरा सावरला आणि गुपचूप हात वर केला.